सात-आठ मिलिमीटरची पेटी

सातेरी मधमाशी फटी बुजवत नाही. बाहेरून आणलेली मेलिफेरा झाडांचा चीक गोळा करून पेटीतली भेग न् भेग लिंपून टाकते. आपली सह्याद्रीतली सातेरी त्या भानगडीत पडत नाही. सांधा ढिला राहिला की ढिलाच. तिथून मेणकिड्याची मादी शिरते, पोळ्याला जाळी लागते आणि वैतागून अख्खी वसाहत उठून जाते. महाडजवळच्या वीर गावी पडवीत मधपेट्या करायला घेतल्या तेव्हा म्हणूनच हातात लाकडात खाच काढणारा राउटर आला.

दुसरं कारण अंतराचं. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याने 1851 मध्ये हेरलं की माश्या ये-जा करायला नेमकी वाट मोकळी सोडतात. वाट रुंद झाली तर तिथे पोळं बांधतात, अरुंद झाली तर वापर बंद. सातेरीसाठी ही वाट सात-आठ मिलिमीटरची. भारतीय मानकाच्या 'ए' पेटीत शिशुकक्षाची, म्हणजे पिल्लांच्या खालच्या मजल्याची, चौकट आतून 210 बाय 145 मिलिमीटर असते. ती लटकते वरच्या पट्टीच्या दोन कानांवर, आणि कान टेकतात समोरच्या-मागच्या फळीच्या आतल्या कडेला काढलेल्या खाचेत. सगळा हिशेब या खाचेवर. ती खोल गेली तर शिशुकक्ष आणि मधकक्ष यांच्यामधली वाट रुंदावते, माश्या तिथे मेणाचे पूल बांधतात, आणि मध काढायला वरचा मजला उचलला की खालची चौकट सोबत ओढली जाते. माश्या चिरडल्या जातात, आणि चिडलेल्या माश्यांपुढे मग कुणाचं काही चालत नाही.

जुना मिस्त्री पटाशी-रंध्याने ही खाच सरळच काढेल. पण प्रत्येक फळीला तीच खोली हवी, आणि तिथे यंत्र बाजी मारतं. माझा राउटर लहान, हातात मावणारा, ज्याला दुकानदार ट्रिमर म्हणतात. फळी आतली बाजू वर करून टेबलाला शिकंज्यांनी आवळायची आणि तीन-तीन मिलिमीटर उतरत जायचं. एका दमात पूर्ण खोली गाठायला गेलं की मोटर कण्हते. कड आपल्या बाजूला असेल तर मशीन डावीकडून उजवीकडे. उलट नेलं की बिट, म्हणजे फिरतं पातं, लाकूड पकडून स्वतःच पळू लागते. रेंगाळायचंही नाही, नाही तर लाकूड जळून काळं पडतं. कोपऱ्याच्या सांध्याला फळीच्या टोकाशी रेषांना आडवं जावं लागतं. तिथे बिट बाहेर पडताना तंतू उचकटतात, म्हणून पलीकडे एक टाकाऊ तुकडा घट्ट टेकवून ठेवायचा. फाटायचं ते त्याचं फाटतं. नाकातोंडावर फडकं हवंच. शिवणीचा भुसा पिठासारखा बारीक उडतो.

लाकूड शिवणीचंच बरं. हलकं, आणि फारसं वाकत नाही. फुगतं मात्र तेही, आणि महाड-पोलादपूरचा पाऊस कुणालाच सोडत नाही. फळी लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढते. आणि फळीची रुंदी म्हणजेच पेटीची उंची. मधकक्षाची फळी पावसाळ्यात मिलिमीटरभर तरी फुगते, आतली चौकट मात्र खाचेला लटकलेली, ती होती तेवढीच राहते. आठातला एक मिलिमीटर थोडाथोडका नव्हे. म्हणून मे महिन्यात फळ्या कापताना मी चौकटीखालची जागा सातच्या आत-बाहेर ठेवतो. वाढायची ती पाऊस वाढवेल.

बाहेरून जवसाच्या तेलाचा हात, आतून काहीच नाही.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलं की महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि जवळचं मांघर 2022 मध्ये राज्यातलं पहिलं मधाचं गाव ठरलं. तिकडच्या एखाद्या पाळकाकडून पिल्लांनी भरलेली चौकट आणली तर ती माझ्या पेटीत उतरली पाहिजे आणि माझी त्याच्या पेटीत. त्यासाठी मानकाच्या मापाचा प्लायवूडचा नमुना करून ठेवलाय. नवी खाच काढली की आधी तो टाकून बघायचा, अडला तर पटाशी घ्यायची.