‘आज लेक्चर नाही’चा मेसेज बस सुटल्यावर का येतो? समजून घ्या कॉलेजच्या ग्रुपचं गणित

सकाळी साडेसहाला खापरखेड्याच्या स्टॉपवर उभं राहायचं, कोराडीमार्गे नागपूर गाठायचं आणि आठचा तास धरायचा. बस सुटते, तिकीट फाटतं आणि मोबाइल वाजतो: ‘आज लेक्चर होणार नाही.’ ओळखीचं वाटतंय ना?

पूर्वी हीच सूचना कॉलेजच्या फलकावर दिसायची. आता ती खिशात येते. पण आदल्या रात्री आली तरच तिचा उपयोग. आणि रात्री दहाला सरांनी मेसेज का टाकावा, हाही प्रश्न आहेच.

ग्रुप ‘लॉक’ का होतो?

व्हॉट्सॲपने 2018 मध्ये ‘फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील’ अशी सोय दिली. गुड मॉर्निंगचे फोटो थांबले, पण शंकाही थांबल्या. ग्रुपचा नोटीस बोर्ड झाला. मग प्रश्न सरांच्या खासगी नंबरवर जातात. एकच शंका वीस जण विचारतात, उत्तर मात्र एकालाच मिळतं. निळी टिक दिसली आणि उत्तर नाही, की विद्यार्थी रुसतो. लाजाळू मुलं मात्र वर्गात हात वर न करता इथे विचारतात, हा फायदा नाकारता येत नाही.

ॲडमिन अडकतो का?

अनेक प्राध्यापकांना ही भीती असते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये स्पष्ट केलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं कृत्य असल्याचं दिसायला हवं. म्हणजे निव्वळ या भीतीपोटी ग्रुप बंद ठेवायची गरज नाही.

नंबरचं काय?

हा मुद्दा सगळ्यात कमी बोलला जातो. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. अनोळखी सीनियरचे ‘हाय’ मुलींना येतात ते इथूनच. 2022 मध्ये आलेल्या ‘कम्युनिटी’च्या सूचना ग्रुपमध्ये तुमचा नंबर इतर सदस्यांपासून लपलेला असतो, ॲडमिनला मात्र दिसतो. गूगल क्लासरूममध्ये तर नंबर लागतच नाही. ईमेलवर काम होतं आणि शंका त्या-त्या असाइनमेंटखालीच राहते. अडचण एवढीच, की ते ॲप रोज कुणी उघडत नाही.

तोवर खापरखेड्याची पोरं निघण्याआधी सीआरला थेट फोन लावतात: ‘सर येऊन राहिले का आज?’