कुरवंजी आणि वकील

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५० साली एक मराठी गेय नाटक छापून प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'देवेंद्र कुरवंजी' आणि कर्ते दुसरे सरफोजी राजे. या नाटकाचा विषय जगाचा भूगोल आहे. पृथ्वीवरील खंडे, देश आणि नगरे यांची माहिती त्यात पदांतून येते, आणि ती सांगते रानावनांतून भटकणारी, लोकांचे हात पाहून भविष्य वर्तविणारी एक स्त्री. कोणी शास्त्री, पंडित किंवा पाश्चात्त्य विद्येत मुरलेला गुरू येथे बोलत नाही. सरफोजींजवळ ग्रंथांची वाण नव्हती. त्यांनी तंजावरात नवविद्येच्या शाळा काढल्या होत्या आणि देवनागरी खिळ्यांचा छापखानाही चालविला होता. भूगोलाचे गद्य पुस्तक त्यांना सहज लिहिता किंवा लिहविता आले असते. तरीही हे नवे ज्ञान त्यांनी कुरवंजीच्या तोंडी का घातले असावे?

हा प्रश्न तंजावरपुरता मर्यादित नाही. एखादे काल्पनिक पात्र मूळ कृतीतून बाहेर पडते, पिढ्यानुपिढ्या लोकांच्या बोलण्यात आणि कल्पनेत वावरते, आणि अखेरीस ज्या व्यवसायाचे ते प्रतिनिधी असते त्या व्यवसायाविषयीची लोकांची समजूतच घडवू लागते. असे कशामुळे होते, हे त्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. विसाव्या शतकात या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण दूरचित्रवाणीवरील वकिलाचे आहे. परंतु त्याची गुरुकिल्ली तंजावरच्या या जुन्या नाटकात अधिक स्पष्टपणे हाती लागते.

कुरवंजी हा तमिळ प्रदेशातील नाट्यप्रकार. त्याचा क्रम ठरलेला असतो. देवाची किंवा राजाची मिरवणूक निघते. नायिका ती पाहते आणि विरहाने व्याकूळ होते. मग कुरव जमातीतील भविष्यवेत्ती येते, आपल्या डोंगरांचे वर्णन करते, आपण कोठकोठे फिरलो आणि कोणाकोणाकडून बिदागी मिळविली ते अभिमानाने सांगते, नायिकेचा हात पाहते आणि प्रियकराची भेट होणार असे भाकीत करते. शेवटी तिला शोधीत तिचा नवरा येतो. अठराव्या शतकात तिरिकूड रासप्प कविरायर यांनी रचलेली 'कुट्राल कुरवंजी' ही या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कृती होय. खुद्द सरफोजींना नायक कल्पून शिवक्कोळुंदु देशिकर यांनी 'सरभेंद्र भूपाल कुरवंजी' रचली, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात ती नृत्यरूपाने सादर होत असे. १९४४ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 'कुट्राल कुरवंजी' नव्याने रंगमंचावर आणली, तेव्हा ही भटकी स्त्री आधुनिक भरतनाट्याच्या प्रांगणातही येऊन पोचली. नायिका बदलली, राजा बदलला, दैवत बदलले. कुरवंजी मात्र राहिली.

ती राहिली याचे कारण तिच्या स्वभावचित्रणात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. तिला स्वत:चे असे अंतरंग जवळजवळ नाहीच. तिला आहे तो एक क्रम, आणि त्या क्रमात प्रेक्षक आधीपासून वाट पाहत असतो अशा काही जागा. आपण पाहिलेल्या मुलखांचे वर्णन ही त्यांतील एक. ही जागा आली की प्रेक्षक सावरून बसतो. आता लांबलांबची नावे ऐकायला मिळणार हे त्याला ठाऊक असते. सरफोजींनी नेमकी हीच जागा हेरली. जुन्या कुरवंजीने डोंगर आणि तीर्थे सांगितली, या कुरवंजीने खंडे आणि देश सांगितले. साचा तोच राहिला, म्हणून नवा मजकूर परका वाटला नाही. जी सर्वत्र फिरली आहे तिने जगाचे वर्णन करावे, यात प्रेक्षकाला वावगे काय वाटणार?

येथे काळाचीही आठवण ठेवली पाहिजे. १७९९च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता आणि राजाची सत्ता किल्ल्यापुरती उरली होती. ज्याच्या हातून राज्य गेले त्या राजाने एका भटक्या स्त्रीच्या मुखाने आपल्या प्रजेपुढे सारे जग उभे केले. लोकमान्य पात्राच्या सामर्थ्याचा इतका सुजाण उपयोग मराठीत क्वचितच झाला असेल.

आता वकिलाकडे वळावे. अर्ल स्टॅन्ली गार्डनर हे कॅलिफोर्नियातील वकील. त्यांनी १९३३ साली पेरी मेसन हा फौजदारी वकील कादंबरीत आणला आणि पुढे ऐंशीहून अधिक कादंबऱ्यांतून त्याला खेळविला. १९५७ ते १९६६ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर या वकिलाची मालिका चालली. तिचे २७१ भाग झाले आणि रेमंड बर हा नट म्हणजेच मेसन असे समीकरण रूढ झाले. १९८५पासून १९९३मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत त्यानेच ही भूमिका दूरचित्रवाणीपटांतून पुन्हा केली. २०२०मध्ये दुसऱ्या नटाला घेऊन नवी मालिकाही निघाली. कुरवंजीप्रमाणेच मेसनलाही अंतरंग बेताचेच आहे. त्याचे कुटुंब, त्याचे दु:ख, त्याच्या आवडीनिवडी प्रेक्षकाला फारशा कळत नाहीत. त्यालाही आहे तो क्रमच. निरपराध माणसावर खुनाचा आळ येतो. पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर निश्चिंत असतो. मग उलटतपासणीच्या ऐन भरात मेसन असा एक प्रश्न टाकतो की खरा खुनी न्यायालयातच कोसळतो आणि कबुली देतो.

न्यायालयाचे कामकाज ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे किती दुर्मीळ ते सांगावयास नको. साक्षीदार सहसा कोसळत नाही. तो आपली जबानी धरून बसतो, किंवा विसरतो, किंवा पुढील तारखेला येतच नाही. परंतु बहुसंख्य लोक न्यायालयात कधी पाऊल ठेवीत नाहीत. ज्या दालनात आपण गेलो नाही त्याचे चित्र आपण नाटकातून उचलतो. अमेरिकेत तर या प्रेक्षकांमधूनच ज्यूरी निवडली जाते. म्हणून कबुलीच्या त्या क्षणाची अपेक्षा करमणुकीपुरती न राहता प्रत्यक्ष न्यायदानाच्या दारापर्यंत येऊन पोचते.

तथापि या पात्राचा वारसा केवळ भ्रमाचा आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकीसाठी सोनिया सोतोमायोर यांची सिनेटसमोर सुनावणी झाली. बालपणी पाहिलेल्या मेसनच्या मालिकेने आपल्याला वकिलीकडे ओढले, असे त्यांनी तेथे सांगितले. परंतु त्यांच्या मनावर ठसला होता तो बर्गरचा एक प्रसंग. आरोपी निर्दोष ठरून सुटला तर सरकारी वकिलानेही आपले कर्तव्य पार पडले असेच मानावे, कारण त्याचे काम न्याय मिळवून देण्याचे आहे, हा त्या प्रसंगाचा आशय. सोतोमायोर पुढे सरकारी वकील झाल्या, न्यायाधीश झाल्या. भाग संपता संपता, खटला उलगडल्यानंतरची ती निवांत जागा प्रेक्षकाच्या ओळखीची होती. तेथे कोणी एक वाक्य पेरले आणि ते एका मुलीच्या मनात रुजले. सरफोजींची युक्तीही हीच होती. साचा बदलावा लागत नाही. त्यातील मोकळी जागा ओळखावी लागते.

मराठी रंगभूमीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिनेही न्यायालयाला मोठे स्थान दिले, पण लोकांच्या स्मरणात वकील राहिला नाही. राहिला तो आरोपी. आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ साली फिरत्या रंगमंचावर आले. त्यातील निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आपण तो नव्हेच असे न्यायालयाला बजावीत राहतो. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका अशी काही गाजविली की नाटकाचे नाव हा मराठीत वाक्प्रचारच होऊन बसला. अंगावर आलेली गोष्ट कोणी झटकू लागला की आजही हे तीन शब्द कानी पडतात. भामट्याच्या निर्लज्ज कौशल्याला एवढी लोकप्रियता मिळावी आणि त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या वकिलाचे नावही कोणाला आठवू नये, ही गोष्ट न्यायालयाकडे पाहण्याच्या मराठी दृष्टीविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

पाचच वर्षांनी, १९६७ साली, विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आले. तेथे खरे न्यायालय नाहीच. एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी गावी आली आहे, आणि वेळ घालविण्यासाठी म्हणून लीला बेणारे हिच्यावर खटल्याचा खेळ मांडते. सुखात्मे हा व्यवसायात अपयशी ठरलेला वकील. पण या खेळात त्याला आवेश चढतो, कारण वकिलाने कसे उभे राहावे, आवाज कोठे चढवावा, बोट कोणावर रोखावे, हे सारे त्याला अंगवळणी आहे. पाहता पाहता खेळ खरा होतो आणि एका स्त्रीचे खाजगी आयुष्य उघडे पडते. साचा किती घातक होऊ शकतो याचे इतके निष्ठुर दर्शन मराठी नाटकात विरळाच. मेसनच्या हाती निरपराध्याला सोडविणारे जे शस्त्र होते, तेच सुखात्म्याच्या हाती आले. त्याने ते एका एकाकी बाईवर चालविले, आणि बाकीच्यांना ते पाहताना मौज वाटत राहिली.

यानंतर वकील आला तो हिंदी दूरचित्रवाणीवर. २०१० ते २०१६ या काळात चाललेल्या 'अदालत' या मालिकेतील के. डी. पाठक हा मेसनचाच वंशज. महाराष्ट्रातही तो घरोघरी पाहिला गेला. त्याच सुमारास, २०१४ साली, चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट आला. एका वृद्ध शाहिरावर आरोप असा की त्याच्या गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले. या चित्रपटात कोणी कोसळत नाही, कोणी कबुली देत नाही. सरकारी वकील बाई कलमे वाचून दाखवितात, न्यायाधीश जबानीचा सारांश लिहून घ्यायला सांगतात, तारीख पडते. वकील घरी जाऊन स्वयंपाक करतात आणि कुटुंबासह नाटक पाहायला जातात. साच्याने जे जे वगळले होते ते ते येथे दिसते, आणि सर्वांत जास्त दिसतो तो वेळ, जो आरोपीच्या आयुष्यातून वजा होत असतो.

येथे पुन्हा कुरवंजीची आठवण होते. देवळात आणि दरबारात जिचे नृत्य कौतुकाने पाहिले गेले, ती रंगमंचाबाहेर कोण होती? ती ज्या भटक्या जमातीची, त्या कोरव लोकांच्या अनेक गटांना इंग्रजी अमलात १९११च्या कायद्याखाली मद्रास इलाख्यात गुन्हेगार जमात ठरविण्यात आले. जन्मानेच संशयित ठरलेल्या या माणसांना हजेरी द्यावी लागे, आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, हा कायदा देशभर रद्द झाला. ज्या भटकंतीमुळे रंगमंचावरील कुरवंजीला जगाचे ज्ञान आहे असे मानले गेले, तीच भटकंती प्रत्यक्षात गुन्ह्याची खूण ठरली. आणि त्या काळातही कुरवंजीचे पात्र लोकप्रियच होते. पात्रावरचे प्रेम माणसापर्यंत पोचले नाही.

लोकमान्य पात्राचा प्रभाव मोजताना समीक्षकाने हे विसरू नये. असे पात्र आपल्या ठरलेल्या क्रमामुळे टिकते, आणि त्या क्रमातील परिचित जागी नवे ज्ञान किंवा नवे मूल्य ठेवता येते. सरफोजींचा भूगोल आणि बर्गरचे कर्तव्य ही त्याची साक्ष. परंतु तोच क्रम पुरा झाल्याचे समाधानही देतो. खुनी सापडला, प्रियकर भेटणार, पडदा पडला. आता बाहेर काय चालले आहे हे पाहण्याची निकड उरत नाही. म्हणून पात्र किती लोकप्रिय झाले एवढेच विचारून भागत नाही. त्याने काय आत येऊ दिले आणि कोणाला दाराबाहेर ठेवले, हेही विचारले पाहिजे. सरस्वती महालातील त्या मराठी नाटकात साऱ्या पृथ्वीला जागा मिळाली. ती पृथ्वी जिने सांगितली, तिला मात्र रंगमंचाबाहेर बाजू मांडणारा वकील मिळाला नाही.