कृत्रिम गुडघ्याजवळचं हाड मोडलं, तर पुन्हा ऑपरेशन?

गुडघा बदलल्यावर आई किंवा सासूबाई पुन्हा चालू-फिरू लागल्या की घर निर्धास्त होतं. पण बाथरूममध्ये पाय घसरून त्याच गुडघ्याजवळचं हाड मोडलं, तर? 'आता परत ऑपरेशन!' ही धास्ती स्वाभाविक आहे. मात्र प्रत्येक वेळी ते करावंच लागतं असं नाही.

ऑपरेशन केव्हा टळू शकतं?

असं फ्रॅक्चर बहुतेकदा मांडीच्या हाडात, सांध्याच्या थोडं वर होतं. कधी गुडघ्याची वाटी किंवा नडगीचं हाडही मोडतं. डॉक्टर एक्स-रेमध्ये मुख्यतः २ गोष्टी बघतात. हाड जागेवरून सरकलंय का आणि बसवलेला सांधा घट्ट आहे का? हाड जागच्या जागी असेल आणि सांधा पक्का असेल, तर प्लास्टर किंवा लांब ब्रेस लावून ते जुळू देता येतं. वाटी मोडली असेल, तर रुग्णाला पाय सरळ ठेवून स्वतः उचलता येतो का, हेही तपासतात. सांधा सैल झाला असेल, तर मात्र सहसा ऑपरेशन लागतं.

घरी काय सांभाळाल?

• साधारण ६ आठवडे किंवा त्याहून जास्त काळ ब्रेस लागू शकतो. डॉक्टर सांगेपर्यंत त्या पायावर भार देऊ नका.

• सुरुवातीचे एक्स-रे चुकवू नका. हाड नंतरही सरकू शकतं आणि मग उपचार बदलावे लागतात.

• पाय चोळणं, ओढून बसवणं असले प्रयोग अजिबात नकोत.

• पडून राहिल्याने पाठीला, टाचेला जखमा होतात. रुग्णाची कूस बदलत राहा. पावलं आणि बोटं हलवायला सांगा.

• पोटरी सुजली, बोटं बधिर किंवा निळी पडली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

पुन्हा पडू नये म्हणून

हाडं ठिसूळ झाली आहेत का, हे डेक्सा तपासणीत कळतं. कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. बाथरूममध्ये धरायला दांडा, न घसरणारी मॅट आणि रात्री छोटा दिवा एवढं तर आजच करता येईल.

आणि एक लक्षात ठेवा, ऑपरेशन टाळणं म्हणजेच उपचार यशस्वी होणं नव्हे. हाड बरंच सरकलं असेल, तर महिनोन् महिने अंथरुणावर राहण्यापेक्षा ऑपरेशन करून लवकर उभं राहणं वयस्कर माणसासाठी जास्त सुरक्षित ठरू शकतं. म्हणून डॉक्टरांना विचारा, 'कोणत्या उपायाने आई लवकर आणि सुखरूप चालेल?'