सकाळच्या फेऱ्या झाल्या, हसून झालं, पण खुर्चीतून हात न टेकता उठता येतंय का? ज्येष्ठांच्या व्यायामात राहून जाणारी गोष्ट

सकाळी सहा-साडेसहाला ठाण्याच्या कचराळी तलावावर जाऊन बघा. किंवा मासुंदा तलावाच्या काठाने चाला, डोंबिवलीच्या भागशाळा मैदानात जा, कल्याणच्या काळा तलावावर जा. दृश्य साधारण सारखंच दिसेल. कानटोपी, पांढरे बूट, तलावाला चार-पाच फेऱ्या. मग सगळ्यांनी गोल करायचा, हात वर-खाली, मान डावीकडे-उजवीकडे, टाळ्या, शेवटी पोट धरून हसणं. आणि त्यानंतर अर्थातच चहा.

या गोलातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद असतात. हा कार्यक्रम कुणी सक्तीने लावलेला नाही, फी जवळपास नाही आणि शिकवणारेही बहुतेक वेळा संघातलेच एखादे काका किंवा काकू असतात.

ही व्यवस्था फार मोलाची आहे. पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट अनेकदा राहून जाते. ती कोणती, का, आणि ती दहा मिनिटांत कशी भरून काढता येते, ते बघूया.

आधी हे संघ म्हणजे काय, ते समजून घेऊ

वयाची साठ वर्षं पूर्ण झाली की आपल्याकडे कायद्याने माणूस ज्येष्ठ नागरिक होतो. महाराष्ट्रात शहरोशहरी, अगदी वॉर्डावॉर्डात अशा लोकांनी एकत्र येऊन संघ काढले. वर्षाची नाममात्र वर्गणी, निवडून दिलेले पदाधिकारी आणि बिनपगारी काम. वाढदिवस, सहली, व्याख्यानं, आरोग्य शिबिरं असा यांचा कार्यक्रम असतो. या संघांची राज्यातली शिखर संघटना म्हणजे फेस्कॉम.

ठाण्याला तर बिनपगारी शिकवण्याची जुनी परंपरा आहे. घंटाळी मित्र मंडळ आणि हठयोगी निकम गुरुजींचं श्री अंबिका योग कुटीर या दोन संस्था साठच्या दशकापासून इथे योग शिकवत आल्या आहेत. तिथे शिकून तयार झालेले साधक पुढे स्वतः वर्ग घेतात. ठाणे-डोंबिवलीत सोसायटीच्या हॉलमध्ये आसनं घेणारी एखादी निवृत्त शिक्षिका दिसते, त्यामागे ही साखळी असते.

आणि ते हसणं कुठून आलं?

तेही आपल्या जवळूनच. 13 मार्च 1995 रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पहिला हास्य क्लब सुरू केला. पहिल्या दिवशी फक्त पाच माणसं होती. सुरुवातीला ते एकमेकांना विनोद सांगायचे. काही दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरलेले कुणाला तरी टोचायला लागले. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं. ती पद्धत पुढे जगभर गेली.

हास्य क्लबने फार मोठं काम केलं, ते म्हणजे माणसांना रोज घराबाहेर काढलं. जोडीदार गेलेला, मुलं पुण्याला किंवा परदेशात, अशा माणसाला सकाळी कुणीतरी ‘काल का नाही आलात?’ असं विचारणं हेसुद्धा औषधच आहे. पण हसण्याने मांडीचे स्नायू बळकट होत नाहीत. आणि म्हातारपणी खरी अडचण येते ती तिथेच.

साठीनंतर पायांचं काय होतं?

तिशीनंतर आपले स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात. दर दहा वर्षांना साधारण 3 ते 8 टक्के, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर हे कळत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. कळतं ते रोजच्या कामांत. भारतीय पद्धतीच्या संडासात बसल्यावर उठायला नळाचा आधार लागतो. रिक्षातून उतरताना दांडा धरावा लागतो. लोकलमध्ये चढताना मागून कुणीतरी हात द्यावा लागतो.

यातूनच पुढे पडण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे. खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन होतं, माणूस घरीही येतो. पण त्यातल्या अनेकांना पूर्वीसारखं एकट्याने फिरता येत नाही.

एक माणूस पडला की त्याच्यासोबत अख्खं घर अडकतं. सुनेची नोकरी, मुलाच्या सुट्ट्या, रात्रीची आया, सगळंच.

मग चालणं पुरेसं नाही का?

चालणं उत्तमच आहे. हृदय, साखर, रक्तदाब, झोप या सगळ्यासाठी. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंवर फारसा भार येत नाही आणि तोल सावरण्याचा सराव तर जवळपास होतच नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांपुढच्यांसाठी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, म्हणजे भराभर चालणं वगैरे. दोन किंवा जास्त दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. आणि तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम.

आपल्या बहुतेक गटांत पहिली गोष्ट होते. दुसरी आणि तिसरी राहून जाते.

या वयात ताकद वाढते का?

वाढते. 1990 साली अमेरिकेत बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या 10 जणांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वयं 86 ते 96. त्यांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली.

दुसरं उदाहरण न्यूझीलंडचं. तिथे ओटागो नावाचा घरी करायचा व्यायामक्रम तयार झाला. त्यात फक्त पायांची ताकद, तोल आणि चालणं एवढंच होतं. 65 ते 97 वयाच्या 1016 जणांवरच्या अभ्यासांत पडण्याचं प्रमाण 35 टक्क्यांनी घटलं. 2019 साली अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हाही व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्के कमी झालेलं दिसलं.

तुमच्या घरच्यांचं कुठे आहे? 30 सेकंदांत बघा

एक साधी, न हलणारी, हात नसलेली खुर्ची घ्या. भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर फुली करून ठेवायचे. 30 सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा किती वेळा बसता येतं, ते मोजा. शेजारी एकाने उभं राहायचंच. हात टेकावे लागले तर मोजणी शून्य.

अमेरिकेत डॉक्टर जी मोजपट्टी वापरतात, तिच्यानुसार यापेक्षा कमी आकडा आला तर पडण्याचा धोका जास्त मानतात:

- 60 ते 64 वर्षं: पुरुष 14, स्त्रिया 12
- 65 ते 69 वर्षं: पुरुष 12, स्त्रिया 11
- 70 ते 74 वर्षं: पुरुष 12, स्त्रिया 10
- 75 ते 79 वर्षं: पुरुष 11, स्त्रिया 10
- 80 ते 84 वर्षं: पुरुष 10, स्त्रिया 9

आकडे तिकडच्या लोकांचे आहेत, त्यामुळे एकाने-दोनाने कमी आलं म्हणून घाबरू नका. दर तीन महिन्यांनी आपलाच आकडा आपल्याशी ताडून बघा.

आणि तो एका पायावर उभं राहण्याचा फॉरवर्ड?

‘दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही तर आयुष्य कमी’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. त्यामागे खरा अभ्यास आहे. ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1702 जणांची अशी चाचणी घेतली होती. दर पाचातल्या एकाला दहा सेकंद जमले नाहीत आणि पुढच्या काही वर्षांत त्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला.

पण जमलं नाही म्हणून आयुष्य कमी होतं, असा त्याचा अर्थ नाही. ज्यांना जमलं नाही, त्यांच्यात मधुमेहासारखे आजारही जास्त होते. तोल जाणं ही एक खूण आहे. मेसेज वाचून आजोबांना घराच्या मधोमध एका पायावर उभं करू नका. ओट्याला किंवा भिंतीला हात लावून सराव करायचा.

गटात आणखी दहा मिनिटं काय करता येईल?

सामान एवढंच: प्लॅस्टिकच्या पक्क्या खुर्च्या आणि एक भिंत किंवा कठडा.

1. खुर्चीतून उठणं-बसणं, आठ ते दहा वेळा. सुरुवातीला हात टेकले तरी चालेल. बसताना धपकन बसायचं नाही, सावकाश.
2. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं, दहा वेळा.
3. आधार धरून एक पाय बाजूला नेणं आणि परत आणणं, प्रत्येकी दहा वेळा.
4. कठड्याला हात लावून एका पावलाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच ठेवत दहा पावलं चालणं.
5. आधाराने एका पायावर उभं राहणं, प्रत्येकी दहा सेकंद.

आठवड्यातून तीन दिवस पुरे. सोपं वाटायला लागलं की वाढवायचं. पावसाळ्यात शेवाळलेल्या ट्रॅकवर जाण्यापेक्षा हेच सोसायटीच्या हॉलमध्ये करता येतं.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं?

छातीत दुखतं, थोड्या श्रमाने धाप लागते, चक्कर येते, रक्तदाब आटोक्यात नाही, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा गेल्या वर्षभरात पडला आहात, तर आधी डॉक्टर. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं आणि हाडं ठिसूळ असतील तर जोर लावून पुढे वाकणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हर्निया असलेल्यांनी पोटातून जोरात हसणंही टाळावं. व्यायाम करताना छातीत दुखलं, घाम फुटला तर तिथेच थांबायचं.

गट घेणाऱ्यांनी एक नियम पहिल्याच दिवशी सांगावा: नाही म्हणायची मुभा सगळ्यांना आहे. आपल्याकडे चढाओढ लवकर लागते. शेजारच्या काकांनी वीस सूर्यनमस्कार घातले की आपण पंचवीस. गुडघे तिथेच दुखावतात आणि माणूस दुसऱ्या दिवसापासून येणं बंद करतो. कार्यक्रम स्वेच्छेचा आहे, म्हणजे कमी करण्याची इच्छाही त्यात आली.

जे मैदानावर येतच नाहीत त्यांचं काय?

सगळ्यात अवघड प्रश्न हा. मैदानावर दिसतात ते मुळात चालू-फिरू शकणारे. सकाळी सहाला डबे करणाऱ्या आज्या तिथे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी संध्याकाळी पाचची वेळ ठेवली तर अनेक जणी येतील. एकदा पडल्यामुळे धास्तावलेले लोकही दिसत नाहीत.

आणि दिसत नाहीत ते डोंबिवली-कल्याणच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत वरच्या मजल्यावर राहणारे. तीन जिने चढवत नाहीत म्हणून ते उतरत नाहीत. उतरत नाहीत म्हणून पाय आणखी कमजोर होतात. काही महिन्यांनी त्यांचं जग गॅलरीएवढं उरतं.

त्यांना मैदानावर आणणं शक्य नसेल, तर मैदानातल्या दोघांनी आठवड्यातून तीनदा वर जायचं. खुर्ची त्यांच्या घरी असतेच. वरचे पाच प्रकार तिथे होतात, गप्पाही होतात. संघाकडे निवृत्त माणसं आहेत, वेळ आहे, सकाळी उठायची सवय आहे. त्यासाठी ना अनुदान लागतं, ना मशीन.

आज घरी आई-बाबा, आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासोबत ती 30 सेकंदांची चाचणी करून बघा. आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आणि हा लेख फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळे होण्याऐवजी पहिले दहा दिवस त्यांच्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडून तुम्हीही बसा.