बारा वाजताचे वचन

‘वॉच नाइट’ हे ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये होणाऱ्या उपासनेचे नाव. रात्री दहा-साडेदहाला ती सुरू होते आणि बारा उलटून गेल्यावर संपते, म्हणजे तिचा एक पाय जुन्या वर्षात आणि एक नव्यात. चेन्नईतल्या ख्रिस्ती घरांत या रात्रीचा मान नाताळाच्या खालोखाल. एरवी चर्चची पायरी न चढणारी माणसेही त्या रात्री नवे कपडे घालून येतात. बाके अपुरी पडतात, मग आवारात मांडव घालून खुर्च्या टाकतात आणि आतली उपासना बाहेर लाउडस्पीकरवर ऐकू येते. त्याच वेळी मरीना किनाऱ्यालगतच्या कामराजर सालैवर वाहने बंद करून पोलीस गर्दी आवरत असतात. सँतोमे बॅसिलिका तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे कॅथलिकांचा मध्यरात्रीचा मिस्सा चालू असतो.

उपासनेचा पूर्वार्ध जुन्या वर्षाचा. गीते होतात, पापकबुली होते, काही मंडळ्यांमध्ये वर्षभरात वारलेल्या सभासदांची नावे वाचली जातात. मग लोक उठून साक्ष देतात. तमिळमध्येही शब्द तोच, ‘साट्चि’. आजारातून उठलेला, नोकरी गेलेला आणि पुन्हा लागलेला, मुलीचे लग्न पार पडलेला, असे एकेक जण दोन-चार वाक्ये बोलतात. त्याबरोबर ‘स्तोत्तिर काणिक्कै’, म्हणजे उपकारस्तुतीचे अर्पण, पाकिटात घालून दिले जाते. बाराला पाच-दहा मिनिटे उरली की पाळक सगळ्यांना गुडघे टेकायला सांगतात. मोठा आवाज थांबतो, फक्त पंखे आणि पुटपुटणे ऐकू येते. बाहेर फटाक्यांचा पहिला बार होतो, चर्चची घंटा वाजते आणि लोक उठून एकमेकांचे हात हातात घेतात. उत्तरार्ध मग नव्या वर्षाच्या संदेशाचा आणि वचनाचा.

चेन्नईतल्या तमिळ उपासनेत गायल्या जाणाऱ्या गीतांतली काही मराठी वाचकाला दूरची वाटू नयेत. तमिळ ख्रिस्ती कीर्तनांचा मोठा रचनाकार वेदनायगम शास्त्रियार (१७७४–१८६४) तंजावरचा. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या छत्राखाली तो शिकला आणि त्याच श्वार्ट्झ यांनी तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांचेही पालकत्व केले होते. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजनाच्या चालीवर ख्रिस्ती गीते लिहिली, तसे काम तमिळमध्ये शास्त्रियारांनी जवळजवळ शतकभर आधी केले.

वॉच नाइटची प्रथा मात्र तमिळ नाही आणि फार प्राचीनही नाही. वर्षअखेरच्या रात्री जागून प्रार्थना करण्याची पद्धत मोरेव्हियन ख्रिस्ती लोकांनी जर्मनीतल्या हेर्नहूट या गावी १७३३ साली सुरू केली, असे मानले जाते. ती उचलून मेथडिस्ट पंथात रुजवली इंग्लंडच्या जॉन वेस्ली यांनी. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूड येथील कोळसा खाणकामगार पूर्वी शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवत. विश्वासात आल्यावर तेच लोक रात्र प्रार्थनेत काढू लागले. १७४० च्या सुमाराचे हे. वेस्लींनी या जागरणाला नियमित रूप दिले. ते महिन्यातून एकदा आणि पौर्णिमेच्या आसपास ठेवत, कारण रात्री उशिरा घरी चालत जाणाऱ्यांना उजेड हवा. वर्षअखेरची रात्र पुढे त्यातून वेगळी उरली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांमध्ये तिला आणखी एक अर्थ चिकटला: १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात यायचा होता आणि आदल्या रात्री लोक चर्चमध्ये जागत बसले होते.

मद्रासमध्ये वेस्लियन मिशनरी १८१७ साली आले. त्याआधीची गंमत अशी, की फोर्ट सेंट जॉर्जमधले सेंट मेरीज चर्च १६८० साली उभे राहिले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. १ जानेवारीला कायद्याने वर्षारंभाचा मान मिळाला तो १७५२ पासून. चर्चच्या स्वतःच्या पंचांगात तर आजही १ जानेवारी हा वर्षारंभ नाहीच. उपासनेचे वर्ष नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळापासून सुरू होते. १ जानेवारी हा नाताळाचा आठवा दिवस, लूकच्या शुभवर्तमानानुसार बाळाची सुंता होऊन त्याला येशू हे नाव ठेवले तो दिवस. कॅथलिकांत तो पवित्र मरियेचा सण, आणि १९६८ पासून जागतिक शांतिदिनही. तमिळ लोक या दिवसाला सरळ ‘इंग्रजी नववर्ष’ म्हणतात आणि त्या दिवशी देवळांतही रांगा लागतात.

चेन्नईत वर्षअखेरच्या या उपकारस्तुतीला एक कठीण किनार आहे, ती हवामानाची. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, त्यामुळे शहरावरची मोठी संकटे बहुधा वर्ष संपता संपता येतात. डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांत अड्यार नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळाने शहरातली हजारो झाडे पाडली. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला मिचाँग वादळाने पुन्हा घरे पाण्याखाली घातली. आणि २००४ ची त्सुनामी तर पावसाचीही नव्हे. ती आली २६ डिसेंबरला, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी. मरीना आणि सँतोमे भागातल्या कोळीवाड्यांत माणसे गेली, दक्षिणेला नागपट्टिनम आणि वेलांकण्णी येथे तर अनेक पटींनी अधिक; वेलांकण्णीला नाताळासाठी आलेले यात्रेकरूही त्यात होते. पाच दिवसांनी वर्ष संपत होते. अशा रात्री ‘या वर्षाबद्दल आभार’ म्हणणे म्हणजे काय, हा प्रश्न पाळकाला टाळता येत नाही.

त्याचे उत्तर बहुतेकदा एका दगडात शोधले जाते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात पलिष्ट्यांना मागे हटवल्यावर शमुवेल एक धोंडा उभा करून त्याला ‘एबन-एजर’, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असे नाव देतो. इथवर देवाने मदत केली, असा त्याचा भाव. चेन्नईत हे नाव सर्रास आढळते. माणसांची नावे एबनेजर असतात, चर्चची असतात, घरांच्या फाटकावरही ते दिसते. वर्षअखेरच्या संदेशात ते हमखास येते. मात्र एक तपशील फार कमी वेळा सांगितला जातो: तीनच अध्याय आधी, चौथ्यात, इस्राएलाचा छावणीतळ याच नावाच्या जागी होता आणि तिथे त्यांचा पुरता पराभव होऊन कराराचा कोशही शत्रूच्या हाती गेला होता. मदतीच्या धोंड्याला दिलेले नाव पराभवाच्या जागेचे आहे. नुकसान झालेल्या घरांना धीर द्यायचा तर हा दुसरा अर्थ पहिल्यापेक्षा उपयोगाचा.

उत्तरार्धातले आकर्षण ‘वाक्कुत्तत्तम’. वाक् आणि दत्त. मराठी बायबलमधल्या ‘वचनदत्त’ शब्दाचा हा सख्खा भाऊ. देवाने दिलेले वचन. पाळक संपूर्ण मंडळीसाठी वर्षाचे एक वचन जाहीर करतात आणि पुष्कळ ठिकाणी प्रत्येकाला छोटी छापील कार्डे उचलायला देतात. ताट पुढे येते, डोळे मिटून एक कार्ड घ्यायचे. मग बाकाबाकांवर एकमेकांची कार्डे वाचण्याची धांदल. वर्षभर ते पाकिटात, बायबलमध्ये किंवा फ्रीजवर राहते. मंडळीचे वचन कॅलेंडरवर छापून येते. मोरेव्हियन लोकही १७३१ पासून रोजचे वचन छापत आले आहेत आणि ती वचने ते आजही चिठ्ठ्या टाकून निवडतात, तेव्हा डोळे मिटून वचन घेण्यात अगदीच नवे काही नाही.

आक्षेप वेगळाच आहे, आणि तो चर्चमधलीच जाणती माणसे घेतात. ताटात सगळी कार्डे आशीर्वादाची असतात. वाढ, विजय, भरभराट, उघडलेली दारे. पश्चात्तापाची हाक देणारे, शेजाऱ्याचे देणे फेडायला सांगणारे वचन कुणाच्या हाती लागत नाही, कारण ते छापलेलेच नसते. असे कार्ड राशिभविष्याच्या शेजारी जाऊन बसते. हा आक्षेप खरा आहे, तरी त्यामुळे प्रथाच मोडीत काढावी असे नाही. रुग्णालयाच्या खाटेवर उशीखाली ठेवलेले कार्ड माणसाला काय देते, हे बाहेरून मोजता येत नाही.

वेस्लींच्या परंपरेत या एकतर्फीपणाला तोल देणारी सोय होती. १७५५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये करार-उपासना सुरू केली. तिच्यात वचन देतो तो माणूस: मी माझा नाही, देवा, तुझा आहे, काम दे किंवा बाजूला बसव, वर उचल किंवा खाली आण, मला मान्य आहे, असा त्या कबुलीचा आशय. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, तेव्हा मेथडिस्टांचा हा वारसाही त्यात आला. बहुधा जानेवारीच्या पहिल्या रविवारी ही उपासना करण्याची मेथडिस्ट रीत आहे. ३१ तारखेची गर्दी या रविवारी दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे.

कार्डांवर सर्वांत लोकप्रिय असलेल्या वचनांपैकी एक यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले, अकरावी ओवी: देवाच्या मनातले बेत हिताचे आहेत आणि ते आशा देणारे आहेत, असे सांगणारी. ती बाबेलमध्ये धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातली आहे. आधीची, दहावी ओवी सांगते की सुटकेला सत्तर वर्षे लागतील, म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती दिसणार नव्हती. त्याही आधी, पाचव्या ओवीत, तोवर त्याच परक्या शहरात घरे बांधा, बागा लावा, असा निरोप आहे. सातवीत त्या शहरासाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. हे कार्ड ज्याच्या हाती येईल त्याने अख्खा अध्याय वाचावा. ओव्या फक्त बत्तीस आहेत.