राज्याभिषेक पदके

राजाच्या किंवा राणीच्या राज्याभिषेकाचे स्मारक म्हणून काढण्यात येणारी धातूची पदके. त्यांना चलनमूल्य नसते. त्यामुळे नाण्यापेक्षा अधिक मोकळेपणाने त्यांवर राजसत्तेची प्रतिमा रेखाटता येते. पुरोभागावर सामान्यतः राजाची मुखाकृती व बिरुदे आणि पृष्ठभागावर रूपकात्मक चित्र वा समारंभाचा दिनांक असतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाशी (१६७४) निगडित असलेले सोन्याचे होन ही नाणी असल्याने त्यांची गणना या पदकांत होत नाही.

इंग्लंडमध्ये सहाव्या एडवर्डचे पदक (१५४७) सर्वांत जुने मानतात. त्यावर लॅटिनबरोबरच हिब्रू व ग्रीक लेख आढळतात. समारंभात वाटण्यासाठी अधिकृत रीत्या पदके पाडण्याची प्रथा पहिल्या जेम्सपासून (१६०३) सुरू झाली. या पदकावर त्याने स्वतःस ब्रिटनचा सीझर ऑगस्टस म्हणविले. इंग्लंड व स्कॉटलंड यांचे वैधानिक एकीकरण मात्र १७०७ मध्ये झाले. राणी ॲनच्या पदकाची (१७०२) कल्पना टाकसाळीचा प्रमुख आयझाक न्यूटन याची असून ठसा जॉन क्रोकरने कोरला. त्यात राणी पॅलस देवीच्या रूपात द्विमुखी राक्षसावर वज्र फेकताना दिसते. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या पदकावर (१८०४) सिनेट व जनता त्यास ढालीवर उचलून धरतात. सम्राटपद लोकसंमत असल्याचा दावा त्यातून सूचित होतो.

ब्रिटनमध्ये छातीवर लावण्याचे राज्याभिषेक पदक १९०२ पासून देण्यात येऊ लागले. सातव्या एडवर्डच्या आजारामुळे त्याचा राज्याभिषेक २६ जूनऐवजी ९ ऑगस्ट रोजी झाला. तथापि आधीच तयार झालेल्या या पदकावर २६ जून हाच दिनांक राहिला. भारतात १९०३ व १९११ च्या दिल्ली दरबारांसाठी स्वतंत्र पदके काढण्यात आली. त्यांवर फार्सी लेख असून सोन्याची पदके संस्थानिक व उच्चाधिकारी यांना, तर चांदीची इतरांना देण्यात आली. मानाची उतरंड अशा रीतीने धातूवरूनच ठरे. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये राजत्याग केल्याने त्याचा राज्याभिषेक झालाच नाही. तरीही त्यासाठी खासगी उत्पादकांनी काढलेली पदके उपलब्ध आहेत.

पदकाचा ठसा समारंभापूर्वी कोरला जातो. म्हणून प्रत्यक्ष घटनेचा पुरावा या दृष्टीने त्याचा उपयोग इतर साधनांशी ताडूनच करावा लागतो; राज्यकर्त्याला स्वतःची कोणती प्रतिमा प्रजेपुढे ठेवावयाची होती, यासाठी मात्र ते विश्वसनीय साधन ठरते.