दप्तरातले वसईकर, ओवीतले वसईकर

वसईच्या उत्तर पट्ट्यातल्या निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल या गावांत सामवेदी ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या बागायती करत आला. आडनावं लोपीस, रॉड्रिग्ज, डिमेलो. घरची बोली कादोडी. जुन्या बायकांच्या अंगावर लाल लुगडं. या समाजाचा इतिहास लिहायला घेतला तो त्याच समाजातल्या धर्मगुरूंनी. फादर फ्रान्सिस कोरिया यांचा ‘सामवेदी ख्रिस्ती समाज’ हा ग्रंथ त्यातला महत्त्वाचा.

या इतिहासाची कागदपत्रं थोडीथोडकी नाहीत. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन मिशनरी आले, मग जेझुइट. जेझुइटांची १५४० ते १५९७ या काळातली पत्रं फादर जोसेफ विकी यांनी संपादित केली. ‘डॉक्युमेंटा इंडिका’चे ते अठरा खंड १९४८ ते १९८८ या काळात प्रसिद्ध झाले. शिवाय चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी. सेमिनरीत लॅटिन शिकलेल्या धर्मगुरूला हे दप्तर इतरांपेक्षा लवकर उलगडतं.

पण हे दप्तर बाप्तिस्मा देणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. किती जणांनी धर्म स्वीकारला ते त्यात सापडतं. का स्वीकारला, हे सांगणारा आवाज मिशनऱ्याचाच. श्रद्धा, आमिष, सत्तेचा धाक यांची सरमिसळ तिथे ओळींच्या आड वाचावी लागते. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांचं फ्रान्सिस्कनांनी चर्च केलं, हेही याच इतिहासातलं पान. आणि बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज नाव आलं की आधीच्या कुळाचा धागा कागदावर तुटतो.

तो धागा पुन्हा हाती लागतो तो बोलीत, मांडवातल्या गाण्यांत, हळदीच्या रीतीत, वाडीच्या आणि शेताच्या नावांत. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, परदेशी मिशनरी गेले, तरी समाज ख्रिस्तीच राहिला आणि मराठी बोलतच राहिला. सत्ता बदलली तरी हा समाज कसा टिकला, याचं उत्तर लिस्बनच्या दप्तरात मिळणार नाही. ते आजीच्या ओवीत शोधावं लागतं.

अर्थात ओवीही निर्दोष साक्षीदार नव्हे. आपलं मूळ सामवेदी ब्राह्मणांत आहे, ही समाजाची धारणा. तिच्यात स्मरण किती आणि जातीचा अभिमान किती, हे घरच्याच संशोधकाने विचारायला हवं. धर्मगुरूच्या हाती दप्तर आहे आणि ओवीही आहे. म्हणूनच दोन्हींची उलटतपासणी करण्याची जबाबदारी त्याच्यावर जास्त.

या लेखनाला वाचक मिळवून दिला तो १९५५पासूनच्या ‘सुवार्ता’ मासिकाने. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईचा ख्रिस्ती माणूस मराठीचा पाहुणा नव्हे, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्रासमोर आलं.

वसईत झालं तसं हे काम वऱ्हाडातही, उदाहरणार्थ वाशिमला, व्हायला हवं. वाशिम जिल्हा कॅथलिक चर्चच्या अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९५५मध्ये स्थापन झाला. वाशिम गावात अमेरिकन मेथडिस्ट मिशनचं काम त्याआधीचं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी हा मुलूख होरपळला. मिशनच्या आणि दुष्काळाच्या त्या काळाच्या आठवणी आता नातवंडा-पतवंडांच्या तोंडी उरल्या असतील. वाशिमच्या पाळकांनी, फादरांनी आणि महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून चर्चच्या वह्या स्कॅन कराव्यात आणि म्हाताऱ्यांची बोलणी ध्वनिमुद्रित करावीत. वह्या पुढच्या वर्षीही मिळतील. माणसांचा भरवसा नाही. म्हणून सुरुवात माणसांपासून करा.